लोणारचें खारें तळें

करवीरच्या रहिवाशाला पाण्याचें कौतुक कोणी शिकवावें लागत नाहीं. पंचगंगेचा घाट, रंकाळा, कळंबा, कोटितीर्थ, आणि वर सह्याद्रीच्या कुशींत शाहू छत्रपतींनीं ज्याच्या कामास हात घातला तें राधानगरीचें धरण, अशा गोड्या पाण्याच्या मुलुखांत आमचें सारें आयुष्य गेलें. पाणी येतें, घटकाभर थांबतें आणि पुढें जातें, एवढीच त्याविषयीं आमची समजूत. तळें भरलें कीं सांडव्यावरून वाहावें, ओढ्यास मिळावें, ओढ्यानें पंचगंगेस, पंचगंगेनें कृष्णेस. परंतु आलेलें पाणी ज्यांत अडकूनच राहतें, ज्यास बाहेर पडण्याची वाट म्हणून नाहीं, आणि सूर्यावांचून ज्याचें पाणी दुसरें कोणी उचलून नेत नाहीं, असें एक तळें आपल्या महाराष्ट्रांत आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें तें तळें पाहण्याची इच्छा पुष्कळ वर्षांची होती. ती गेल्या मार्गशीर्षांत पुरी झाली.

बरोबर धाकट्या बंधूंचा मुलगा होता. तो स्थापत्यशास्त्राचा पदवीधर असून कोणतेंही पाणी दिसलें कीं त्यास बांध कोठें घालावा याचा विचार प्रथम करतो. घरांतून निघतांना वहिनींनीं शिदोरीबरोबर एक कामही सांगितलें होतें: लोणारचा पापडखार फार चांगला असतो असें त्यांनीं माहेरीं ऐकलें होतें, तो मिळाला तर शेरभर आणावा. या पापडखाराविषयीं पुढें लिहावयाचें आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथें केला.

रात्रीच्या मोटारीनें छत्रपति संभाजीनगर, तेथून जालना आणि जालन्याहून सिंदखेडराजावरून लोणार, असा आमचा मार्ग. जालना सोडल्यावर दोन्ही बाजूंस काळी जमीन, उभी तूर आणि वेचणीस आलेला कापूस यांवांचून डोळ्यांस दुसरें कांहीं दिसत नाहीं. ऊंस पाहून पाहून विटलेल्या कोल्हापूरकरास तो पालटही बरा वाटतो. सिंदखेडराजास न उतरतां पुढें जाणें आम्हांस शोभलें नसतें. लखुजी जाधवांच्या वाड्याचा भव्य दरवाजा अद्याप उभा आहे. जिजाऊसाहेबांचा जन्म या वाड्यांतला. शाळेच्या सहली येथें येतात. मुलें ओळीनें आंत जातात, ओळीनें बाहेर येतात, आणि शिक्षक त्यांच्यामागें ओरडत असतात. जुन्या संवयीनें आमचाही हात दोनदां वर गेला. असो.

लोणार गांव तळ्याच्या विवराला अगदीं लागून वसलेलें आहे. इतकें कीं बाजारांतून चालतां चालतां माणूस एकाएकीं कड्यापाशीं येऊन उभा राहतो. जमीन संपते, आणि खालीं सुमारें साडेचारशें फुटांवर, चोहोंकडून झाडींनीं वेढलेलें वाटोळें पाणी दिसूं लागतें. विवराचा व्यास मैलाहून किंचित् अधिक म्हणजे सुमारें १.८ किलोमीटर आहे. कांठ भोंवतालच्या सपाटीहून थोडा उचललेला आहे, जणूं एखाद्या प्रचंड परातीची कडा. आमच्या डोळ्यांस पाणी हिरवट दिसलें. हा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा असून ज्यास स्पिरुलिना म्हणतात व ज्याच्या गोळ्या हल्लीं औषधांच्या दुकानांत मिळतात तें शेवाळ या पाण्यांत मुबलक वाढतें.

खालीं उतरण्याची वाट सीताफळ, कडुनिंब, साग आणि बाभूळ यांच्या रानांतून जाते. मोरांचा आवाज सतत कानीं पडतो. वाटेच्या आरंभीं धारेचें स्थान लागतें. गोमुखांतून पडणारी ही धार बारमाही असून तिचें पाणी गोड आहे. यात्रेकरू तीत स्नान करून पुढें जातात. याशिवाय रामगया, सीतान्हाणी, पापहरेश्वर अशीं झऱ्यांचीं स्थानें विवराच्या उतारावर व कांठावर आहेत. वरून पाझरणारें हें गोड पाणी शेवटीं खालच्या खाऱ्या पाण्यांत जाऊन मिळतें. तळ्याच्या कांठीं कमळजा देवीचें देऊळ आहे आणि रानांत ठिकठिकाणीं आणखी कित्येक जुनीं देवळें. त्यांतील पुष्कळ पडलीं आहेत. कांहींच्या गाभाऱ्यांत वटवाघळांखेरीज कोणी नाहीं. कमळजेच्या देवळाजवळ सासूसुनेची विहीर म्हणून एक विहीर दाखवितात. तिच्या एका अंगाचें पाणी गोड व दुसऱ्या अंगाचें खारें असें सांगतात. गोड अंग सासूचें कीं सुनेचें, याविषयीं तेथील मंडळींचें एकमत नाहीं. आम्हींही तो प्रश्न वाढविला नाहीं.

पाण्याजवळ गेल्यावर नाकास एक उग्र वास येतो. ओंजळींत घेतलेलें पाणी साबणासारखें बुळबुळीत लागतें. पुतण्यानें शिदोरींतील हळदीची चिमूट ओल्या तळहातावर टाकली, तों ती क्षणांत तांबडी झाली. हळदीचें कुंकूं खार घालून करतात हें आमच्या वाचक भगिनींस ठाऊक आहे. येथें ती क्रिया तळ्यानें स्वतःच केली. सामान्य पाण्याचा सामू सातांच्या आसपास असतो, तर या तळ्याचा दहांच्या वर मोजला गेला आहे. समुद्र केवळ खारट आहे, परंतु लोणारचें पाणी खारट असून क्षारयुक्तही आहे. त्यांत मिठाबरोबर सोड्याचा भाग पुष्कळ. आयुर्वेदांत ज्यास सर्जिकाक्षार म्हणतात आणि वाण्याच्या दुकानीं जो साजीखार म्हणून मिळे, त्याच जातीचा हा क्षार. उन्हाळ्यांत पाणी मागें सरलें कीं कांठाच्या चिखलावर त्याचे पापुद्रे धरत. डल्ला, पापडी, भुसकी अशीं त्याच्या निरनिराळ्या प्रतींचीं नांवें जुन्या नोंदींत आढळतात. अबुल फजलानें ऐने अकबरींत या तळ्याचें वर्णन केलें असून कांच व साबण करण्यास लागणारा माल येथें निघतो व त्यापासून सरकारास चांगला वसूल येतो, असें म्हटलें आहे. ब्राह्मण या स्थानास विष्णुगया म्हणतात, हेंही त्यानें टिपून ठेवलें आहे. आज येथून कोणी खार काढीत नाहीं. हें स्थान २००० सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. वहिनींसाठीं आम्हीं परततांना जालन्याच्या पेठेंतून साधा पापडखार घेतला, व तो कोठला हें घरीं स्पष्ट सांगितलें.

गांवांत दैत्यसूदनाचें देऊळ आहे. बाहेरच्या भिंतींवरील शिल्प पाहतांना आमच्या अंबाबाईच्या देवळाची आठवण होते. अंबाबाईच्या पायांवर जसा सूर्यकिरणांचा उत्सव होतो तसाच येथेंही मे महिन्यांत कांहीं दिवस किरण मूर्तीपर्यंत पोंचतात. कथा अशी कीं लवणासुर नांवाचा दैत्य येथें भूमीखालीं घर करून राहत असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्यानें घरावरचें झांकण उडविलें आणि दैत्यास मारिलें. झांकण दूर जाऊन पडलें त्याची टेंकडी झाली, घराचें विवर झालें आणि दैत्याच्या रक्तानें तें भरलें. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. रामायणांत व रघुवंशाच्या पंधराव्या सर्गांत शत्रुघ्नानें ज्यास मारिलें तो लवण मधुवनांतला, म्हणजे मथुरेकडचा. नांवाच्या सारखेपणामुळें पुष्कळ लोक दोघांस एक करतात. लोणार हें नांव लवणापासून आलें हें उघड आहे. दैत्य आधीं कीं मीठ आधीं हें ज्याचें त्यानें ठरवावें.

शास्त्रज्ञांची कथाही झांकण उडाल्याचीच आहे, मात्र घाव वरून पडला असें ते म्हणतात. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या तळ्याची नोंद केल्यावर पुढें दीर्घकाळ हें ज्वालामुखीचें तोंड समजत. दख्खनचा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा, तेव्हां तसें वाटणें साहजिक होतें. १९७३ सालीं येथील खडकांच्या परीक्षणावरून हें आघाताचें विवर असल्याचें सिद्ध झालें: आकाशांतून पडलेल्या अशनीच्या भयंकर दाबावांचून होऊं शकत नाहीं असें रूपांतर येथील स्फटिकांत सांपडलें. आघात किती वर्षांपूर्वीं झाला याविषयीं मात्र मोठा मतभेद आहे. एका पद्धतीनें बावन्न हजार वर्षें येतात, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीनें पांच लाख सत्तर हजारांच्या आसपास. दोहोंमध्यें दहापटीहून अधिक अंतर! परीक्षेंत असें उत्तर कोणी लिहिलें असतें तर आम्हीं शून्य दिलें असतें. परंतु निसर्गाच्या वहींत उत्तरें मागच्या पानावर छापलेलीं नसतात. काळ्या बेसाल्ट खडकांत झालेलीं अशीं विवरें पृथ्वीवर फार थोडीं आहेत, म्हणून चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारेही येथें येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें १९७९ सालीं यास राष्ट्रीय भूस्मारक म्हणून मान दिला.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिण्यास घेतला त्या मुद्द्याकडे वळूं.

जुन्या अंकगणितांत हौदाचें उदाहरण असे: एक नळ हौद इतक्या तासांत भरतो, दुसरा तितक्या तासांत रिकामा करतो, दोन्ही सोडले तर हौद केव्हां भरेल? लोणारचें तळें म्हणजे तेंच उदाहरण. पाऊस, उतारावरून येणारे ओहोळ आणि झरे हे भरणारे नळ. रिकामा करणारा नळ एकच, ऊन. गंमत अशी कीं हा दुसरा नळ हौदाप्रमाणें आपलें तोंड लहानमोठें करतो. पाणी वाढून पसरलें कीं उन्हास अधिक पृष्ठभाग मिळतो व वाफ अधिक होते. पाणी आक्रसलें कीं वाफही कमी होते. त्यामुळें अशा तळ्याची पातळी कोठेंतरी आपोआप स्थिरावते. परंतु येणाऱ्या पाण्याबरोबर खडकांतून विरघळून आलेला जो कणभर क्षार असतो त्यास मात्र जाण्यास कोणताही नळ नाहीं. तो हजारों वर्षें सांचत आला. पाणी निम्मे झालें तर क्षार दुप्पट तीव्र होतो, आणि पाणी दुप्पट झालें तर निम्मा सौम्य. या पाण्यांत जे सूक्ष्म जीव राहतात त्यांचें सारें जीवन या प्रमाणावर अवलंबून आहे. गोड्या तळ्यांत पाणी घटलें तर पाणी घटलें, इतकेंच. खाऱ्या तळ्यांत पाणी घटलें कीं पाण्याची जातच बदलते.

२०२० च्या जून महिन्यांत हें साऱ्या जगानें पाहिलें. तळें एकाएकीं गुलाबी झालें. गांवांत नाना तर्क झाले. कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें लक्ष घातलें, नमुने घेतले गेले, आणि नागपूरच्या नीरी संस्थेंत व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत त्यांचें परीक्षण झालें. उन्हाळ्यांत पाणी आटून खारेपणा फार वाढल्यामुळें अतिक्षारांत राहणारे, गुलाबी रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्म जीव एकदम बहरले होते, असें निष्पन्न झालें. नमुन्याचें पाणी भांड्यांत स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशीं बसले आणि वरचें पाणी स्वच्छ झालें. पाऊस पडून क्षार सौम्य होतांच तळ्याचाही रंग पूर्ववत् झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाला.

तेव्हां सर्वांस चिंता होती ती तळें आटण्याची. भोंवतालच्या शिवारांत विहिरी आणि कूपनलिका वाढल्या. जें पाणी मुरून झऱ्यांवाटे विवरांत उतरावयाचें तें वरच्यावर उपसलें जाऊं लागलें, अशी तक्रार जाणते लोक करीत. आम्ही गेलों तेव्हां मात्र चिंतेनें उलटी दिशा धरलेली दिसली. अलीकडच्या वर्षांत पातळी चढली आहे. २०२५ सालीं तर कमळजेच्या देवळास व कांठच्या इतर देवळांस पाणी लागल्याचें वृत्तपत्रांत आलें, आणि ज्या पाण्यांत मासा जगत नाहीं अशी ख्याति त्यांत मासे दिसल्याचेंही. मासे दिसणें ही तेथें आनंदाची वार्ता नव्हे. पाणी सौम्य होत असल्याचा तो निरोप आहे.

तळ्याकांठीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचें घराणें पिढ्यान् पिढ्या येथें देवाची सेवा करीत आलें आहे. आम्ही मास्तर आहों हें त्यांनीं दोन वाक्यांत ओळखलें. “गुरुजी,” ते म्हणाले, “त्या गुलाबी सालात मोठमोठे साहेब आले, म्हणे पाणी कमी झालं. आता तेच येऊन म्हणते पाणी जास्ती झालं. देवी पाण्यात उभी हाये. मले सांगा, आम्ही काय म्हणून दिवा लावाचा, पाणी येवो म्हणून का जावो म्हणून?”

पुतण्यास उत्तर तयार होतें. पंप लावावे, चार महिन्यांत पाणी उतरेल. “आणि खार?” आम्हीं विचारलें. उपसलेल्या पाण्याबरोबर हजारों वर्षांत सांचलेला क्षारही जाईल, मग उरलेलें तळें कसलें? पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, तर मग येणारें पाणी कोठून अधिक झालें हें आधीं मोजलें पाहिजे.” स्थापत्यशास्त्राच्या पदवीचें आम्हांस त्या क्षणीं खरोखर समाधान वाटलें.

येणारें पाणी सर्व एका जातीचें नाहीं. पाऊस अधिक झाला असेल तर तो ऋतूचा भाग. पुढच्या अवर्षणांत ऊन आपलें काम करील. झऱ्यांचें पाणी वाढलें असेल तर वरच्या शिवारांत काय बदललें याचा शोध घ्यावा लागेल. परंतु गांवाचें सांडपाणी विवरांत उतरतें ही कित्येक वर्षांची तक्रार असून न्यायालयांतही ती गेली. त्या पाण्यांत गोडेपणा आहे आणि त्याबरोबर साबण, मैला व खतही आहे. त्यानें क्षार सौम्य होतो आणि नको तें शेवाळ माजतें. केंदाळानें भरलेला रंकाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें वर्णन करावयास नको. मात्र एक भेद आहे. रंकाळ्यास सांडवा आहे. आमची घाण पुष्कळशी पंचगंगेच्या पदरीं पडते व खालच्या गांवांस भोगावी लागते. लोणारास तीही सोय नाहीं. विवरांत माजलेली वेडी बाभूळ काढण्याचेंही काम न्यायालयाच्या देखरेखीखालीं झालें आहे. बाहेरून आलेली ही बाभूळ मूळच्या झाडांस जगूं देत नाहीं.

खारीं तळीं मारण्याचें व वांचविण्याचें शास्त्र जगानें मोठी किंमत देऊन मिळविलेलें आहे. मध्य आशियांतील अरल हें एके काळीं पृथ्वीवरील चौथ्या क्रमांकाचें सरोवर होतें. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या अमू व सीर या दोन नद्या कापसाच्या शेतीकडे वळविल्या. समुद्र मागें सरला, बंदरांतील नावा वाळूंत उभ्या राहिल्या, आणि तळाची खारी, विषारी धूळ वाऱ्यावर उडून लोकांच्या छातींत शिरूं लागली. सारें सरोवर परत आणणें अशक्य आहे हें ओळखून कझाकस्तानानें उत्तरेचा लहान भाग बांध घालून वेगळा केला. तो बांध २००५ सालीं पुरा झाला, आणि अंदाजाहून किती तरी लवकर, वर्षाच्या आंत, ते पाणी ठरल्या उंचीस आलें. मासे आले, कोळी आले. दक्षिणेचा भाग मात्र वाळवंट झाला. तेथें आतां धूळ बसावी म्हणून सक्सौल नांवाचीं वाळवंटी झुडुपें लावतात.

अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरानें १९१३ सालीं ओवेन्स तळ्याचें पाणी कालव्यानें नेलें. थोड्याच वर्षांत तळें कोरडें पडलें व धुळीचें माहेरघर झालें. शहरास जें पाणी तेव्हां स्वस्त वाटलें त्यापायीं पुढें ती धूळ दाबण्यासाठीं दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला आहे: कोठें उथळ पाणी सोडावयाचें, कोठें खडी पसरावयाची, कोठें खाऱ्या जमिनींत तगणारें गवत लावावयाचें. त्याच शहरानें १९४१ पासून मोनो नांवाच्या दुसऱ्या खाऱ्या तळ्याच्या ओढ्यांस हात घातला. तेथें लोक वेळेवर जागे झाले. १९८३ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें, असें तळें ही सरकारच्या हातीं असलेली जनतेची ठेव आहे, पाणी वांटतांना तिचा विचार केलाच पाहिजे, असा निवाडा दिला. १९९४ सालीं तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट राखावी असें ठरलें. ती अद्याप गांठली गेलेली नाहीं. पण आंकडा ठरलेला आहे, आणि कोणीही फूटपट्टी लावून पाहावें अशी सोय आहे. आम्हांस या साऱ्या हकीकतींत हा आंकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

फार दूर जावयास नको. राजस्थानांतील सांभर सरोवर १९९० सालापासून रामसर यादींत आहे. तेथेंही शाकंभरी देवीचें स्थान आहे, तेथेंही मीठ, तेथेंही रोहित पक्षी. २०१९ च्या नोव्हेंबरांत सांभरच्या कांठीं हजारों पक्षी एका जिवाणूच्या विषानें मरून पडले. ज्या रामसर गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांचा करार झाला तें तर इराणांत, कॅस्पियन समुद्राच्या कांठीं. आणि कॅस्पियन हेंही बाहेर वाट नसलेलें, खारें, व हल्लीं पातळी उतरत चाललेलें सरोवरच होय.

लोणारचा आकार यांपुढें अगदीं लहान. त्यामुळें तेथील काम सोपें असावयास हवें, आणि एका अर्थानें तें आहेही. मोनोप्रमाणें त्याचें पाणी शंभर कोसांवरचें शहर नेत नाहीं. सारा प्रश्न कांठावरच्या एका गांवाचा आणि भोंवतालच्या शिवाराचा आहे. आमच्या मतें गांवाच्या सांडपाण्याचा एक थेंबही शुद्ध झाला तरी विवरांत सोडूं नये; त्यास वरच्या शेतांत वाट द्यावी. धारेवर साबण लावून स्नान करणाऱ्या यात्रेकरूंस प्रेमानें पण निश्चयानें अडवावें. कूपनलिकांस हद्द घालतांना शेतकऱ्यास दुसरें पाणी द्यावें, नाहीं तर ती हद्द कागदावर राहील. आणि या सर्वांच्या आधीं, तळ्याची पातळी व पाण्याचा खारेपणा दररोज मोजून गांवच्या चावडीवर लिहावा. देवीच्या गाभाऱ्यांत पाणी आलें म्हणून घाईनें उपसा करणें आणि उन्हाळ्यांत आटलें म्हणून कालव्याचें पाणी आणून ओतणें, हे दोन्ही उपाय सारखेच आततायी आहेत. गाभाऱ्यापुरतें पाणी अडविण्यास देवळाभोंवतीं भिंत घालतां येते. याबाबतींत पुतण्याचें मत घ्यावें, आमचें नको.

हें लिहितांना आमच्या जिल्ह्यांतील शिरोळ तालुका डोळ्यांपुढें येतो. तेथें बेसुमार पाणी पाजल्यामुळें कृष्णा-पंचगंगेकांठची सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली, वर पांढरें फुटलें. तेथील दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून क्षार पाण्याबरोबर बाहेर काढला आणि पड जमिनींत पुन्हां ऊंस उभा केला. शिरोळास क्षार घालवावयाचा, लोणारास राखावयाचा. वस्तु एकच, तिची जागा चुकली कीं ती शत्रु होते.

ज्यांस हें स्थान पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं कार्तिक ते माघ या काळांत जावें. तेव्हां पक्षीही येतात आणि ऊन सोसतें. सकाळीं लवकर उतरावें, कारण चढतांना ऊन पाठीवर येतें. गुडघे दुखणाऱ्यांनीं कांठावरूनच दर्शन घ्यावें. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें व पानें-पिशव्या परत आणाव्या. गांवापासून जवळच मोठ्या मारुतीचें देऊळ आहे. तेथील मूर्ति निजलेल्या मारुतीची असून तिचा पाषाण चुंबकीय आहे असें मानतात. त्या देवळापाशीं अंबर तळें नांवाचा एक लहान खळगा आहे. तो त्याच अशनीच्या तुकड्यानें झाला असावा असा कित्येकांचा तर्क आहे. मुक्कामास गांवांत सोय होते. जालन्याकडची परतीची मोटार कधीं सुटते हें आदल्या दिवशींच स्थानकावर विचारून ठेवावें.